उडी आणि वाकलेली पाठ



वसंत ऋतूत भरवस्तीत व्याख्याने ठेवण्याची परंपरा न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केली. तेव्हापासून अशा व्यासपीठांवर मोठमोठे पंडित बोलून गेले आहेत. त्यांच्या पंक्तीला बसून कामगार चळवळीतल्या एका कार्यकर्त्याने इंग्रजी भाषेतल्या एका क्रियापदावर बोलावे, हा काहींना आगाऊपणा वाटेल. तो आहेच. पण आमच्या विषयालाही तो शोभून दिसणारा आहे. कारण आजचे क्रियापद पुढच्याला ओलांडून पुढे जाण्याचेच आहे.

आमचे इंग्रजी कॉलेजातले नव्हे. ते नोटीस बोर्डावरचे, करारनाम्यातले आणि आरोपपत्रातले. त्या इंग्रजीचा एक गुण असा की, त्यात एक शब्द इकडचा तिकडे झाला तर कोणाची तरी चूल विझते. म्हणून शब्दाकडे संशयाने पाहण्याची सवय आम्हाला लागली. कोशात शब्दाचा अर्थ सापडतो; पण शब्दाचा भार कोणाच्या डोक्यावर पडतो, ते कारखान्याच्या फाटकावरच कळते.

शब्द आहे ‘लीपफ्रॉग’. लीप म्हणजे उडी, फ्रॉग म्हणजे बेडूक. इंग्रजीत हे मूळचे पोरांच्या खेळाचे नाव. एका पोराने कमरेत वाकून उभे राहायचे, दुसऱ्याने धावत येऊन त्याच्या पाठीवर हात टेकायचे आणि पाय फाकून पलीकडे उडी घ्यायची. शेक्सपिअरच्या ‘पाचवा हेन्री’ या सुमारे १५९९ सालच्या नाटकात या खेळाचा उल्लेख आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात या नामाचे क्रियापद झाले आणि पोरांच्या अंगणातून ते लष्करात, व्यापारात आणि कचेऱ्यांत शिरले. आता एखादा देश दुसऱ्या देशाला लीपफ्रॉग करतो, एखादे यंत्र जुन्या यंत्राला करते, आणि एखादा कर्मचारी दुसऱ्या कर्मचाऱ्याला करतो.

इंग्रजीत याच अर्थाच्या आसपास फिरणारे बरेच शब्द आहेत, आणि गंमत अशी की त्यांतले बहुतेक आपल्या पिंपरी-चिंचवड-चाकणच्या पट्ट्यात मराठी होऊन नांदत आहेत. ‘ओव्हरटेक’ घ्या. पुणे-नाशिक रस्त्यावर चाकणच्या तळेगाव चौकात पाळी सुटण्याच्या वेळी उभे राहा, म्हणजे या शब्दाचा अर्थ कोणी सांगावा लागणार नाही. ओव्हरटेकमध्ये दोघेही चालत असतात. एकाचा वेग जास्त, एवढेच. त्यात अन्याय नाही. अन्याय सुरू होतो तो ‘कट मारला’ म्हटल्यावर.

‘स्किप’ म्हणजे मधले गाळणे. तपासणीतली एक पायरी स्किप केली, की गाडी पुढे जाते आणि दोष तिच्याबरोबर जातो. ‘बायपास’ म्हणजे गावाला वळसा. गावात गर्दी झाली की रस्ता बाहेरून काढतात, हृदयातली वाट बुजली की डॉक्टर दुसरी करतात, आणि संघटनेशी बोलायचे नसले की व्यवस्थापन एकेका कामगाराला चहाला बोलावते. तिन्हींना आपण बायपासच म्हणतो. पण पहिल्या दोहोंत जीव वाचवायचा हेतू असतो.

आणि मग ‘सुपरसीड’. इंग्रजी कोशात याचा मुख्य अर्थ जुन्याची जागा नव्याने घेणे असा आहे. जुना नियम नव्या नियमाने सुपरसीड होतो. आपल्याकडे सरकारी नोकरीतून तो कारखान्यात आला आणि त्याने आपला अर्थ बदलला. आपल्याकडे ‘अमका सुपरसीड झाला’ म्हणजे तो पुढे गेला असे नव्हे. त्याला मागे ठेवून दुसरा पुढे गेला. शब्द साहेबाचा, पण तो वापरला गेला मागे राहिलेल्याच्या बाजूने. भाषा ही अशी न बोलता संप करीत असते.

आता आपली मराठी पाहू. आम्हाला वाटते, या एका गोष्टीसाठी मराठीइतके नेमके शब्द क्वचितच दुसरीकडे असतील. ‘झेप घेतली’ म्हटले की कौतुक आले. ‘मुसंडी मारली’ म्हटले की कौतुकात थोडी धसमुसळी आली. ‘आघाडी घेतली’ यात शर्यत आहे आणि ती सर्वांसमोर चालली आहे. ‘ओलांडले’ हा तटस्थ शब्द. उंबरठाही ओलांडतात आणि मर्यादाही. ‘मागे टाकले’ यात मागच्याचे दुःख किंचित दिसते. ‘वगळले’ यात यादी करणाऱ्याचा हात दिसतो, पण त्याचा हेतू दिसत नाही. कदाचित विसरला असेल. आणि ‘डावलले’ म्हटले की हेतूही दिसतो. हक्क होता, माहीत होते, आणि तरी बाजूला सारले, हे सारे त्या चार अक्षरांत आहे.

शिवाय म्हणी आहेतच. ‘कानामागून आली आणि तिखट झाली’ ही म्हण ज्या बाईने प्रथम उच्चारली, तिला सेवाज्येष्ठतेचा कायदा कोणी शिकवला नव्हता. ‘वशिल्याचे तट्टू’ हा शब्द तर इतका पुरेपूर आहे की, त्याचे इंग्रजी करू जावे तर परिच्छेद लिहावा लागेल. तट्टू पुढे जाते ते आपल्या चार पायांनी नव्हे, हे त्यात आलेच. आणि ‘कुरघोडी’. तिच्यात दुसऱ्याच्या पाठीवर चढून बसायचे असते. लीपफ्रॉगमध्ये पाठीला हात लावून पलीकडे जायचे असते. दोहोंत पाठ दुसऱ्याचीच. फरक इतकाच की कुरघोडी करणारा उतरत नाही.

काही वर्षांपूर्वी आपल्याच पट्ट्यातल्या एका कारखान्यात एक नोटीस लागली. अकरा जुन्या कामगारांना मागे ठेवून एका तरुणाला वरची जागा दिली होती, आणि नोटिशीत त्याचे अभिनंदन करताना हा लीपफ्रॉग शब्द वापरला होता. जेवणाच्या सुट्टीत पोरे आम्हाला अर्थ विचारू लागली. आम्ही खेळ समजावून सांगितला. बेडकाचे नाव निघाल्यावर हशा पिकला. त्या अकरांपैकी एक गृहस्थ मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, “भाऊ, उडी मारणाऱ्याचं नाव नोटिशीत आलं. वाकलेल्यांची नावं कुठं हाईत?”

आजच्या व्याख्यानाचा विषय म्हणजे हा प्रश्नच होय. उडीचे वर्णन करणारी भाषा उडी मारणाऱ्याची असते. क्रियापदाला कर्ता असतो, कर्मही असते. पण वर्तमानपत्रात, नोटिशीत आणि भाषणात कर्म गाळून टाकतात. ‘देशाने झेप घेतली’, ‘कंपनीने झेप घेतली’. कोणाच्या पाठीवरून, हा प्रश्न व्याकरणाचा आहे आणि पोटाचाही.

न्याय करायचा तर आधी चांगल्या उड्या सांगितल्या पाहिजेत. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय दळणवळणमंत्री सुखराम यांच्याशी मोबाइलवर बोलून या देशात त्या यंत्राचा आरंभ केला. खेड तालुक्यातल्या कित्येक वाड्यांवर तारेचा टेलिफोन घरोघर कधी पोचलाच नाही. तिथे एकदम खिशातला फोन आला. मधली पायरी गाळली गेली, आणि त्यात गरिबाचे हितच झाले. अशा उडीला नाव ठेवणारा करंटाच म्हणावा लागेल.

दुसरी उडी आपल्या अगदी दारातली. मोटारगाड्यांच्या धुरावर मर्यादा घालणारे भारत स्टेज नावाचे नियम आहेत. चौथा टप्पा १ एप्रिल २०१७ पासून साऱ्या देशाला लागू झाला. त्यानंतर क्रमाने पाचवा यायचा. पण जानेवारी २०१६ मध्येच केंद्र सरकारने जाहीर केले होते की पाचवा टप्पा गाळायचा आणि १ एप्रिल २०२० पासून थेट सहावा लागू करायचा. २४ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या तारखेनंतर चौथ्या टप्प्याची नवी गाडी विकता येणार नाही असा निकाल दिला. इंधनातल्या गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आणायचे होते. डिझेलच्या मोटारीला दर किलोमीटरमागे नायट्रोजनच्या ऑक्साइडची मर्यादा २५० मिलिग्रॅमवरून ८० वर आली. हे काम लहान नव्हते. ते आपल्या पट्ट्यातल्या इंजिनिअरांनी आणि कामगारांनी मुदतीत करून दाखवले, याचा आम्हाला अभिमान आहे. धूर काही गरीब-श्रीमंत पाहून छातीत शिरत नाही. पण रस्त्याच्या कडेला राहणाऱ्याच्या छातीत तो आधी शिरतो. म्हणून ही उडी चांगलीच.

पण वाकलेले कोण होते? मोटारसायकलला वर्षानुवर्षे कार्ब्युरेटर असे. सहाव्या टप्प्याने त्याची जागा बहुतेक ठिकाणी इंधन फवारणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेला दिली. त्या एका तारखेने कार्ब्युरेटरवर बसलेला हात जुना झाला. भोसरी-तळवड्याच्या छोट्या शेडमध्ये तीच एक कला जाणणारा माणूस, रस्त्यावर कानाने इंजिन ऐकून ‘ट्यूनिंग’ करणारा मेस्त्री, यांच्या विद्येवरून ही उडी गेली. त्यातच २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी आली आणि ती तारीख शांततेत उलटली. मोठ्या कारखान्याला सहाव्या टप्प्यासाठी चार वर्षे मिळाली. त्या मेस्त्र्याला नवे शिकवण्यासाठी कोणी चार आठवडे तरी राखून ठेवले होते काय? आज विजेच्या गाड्यांची उडी चालू आहे. त्यांत इंजिनच नाही. मग पिस्टन, क्रँकशाफ्ट, गिअर करणाऱ्यांना कोणती तारीख द्यायची, हा प्रश्न आजच विचारला पाहिजे. उडी पडल्यावर विचारला तर त्याला ओरड म्हणतात.

रांगेचेही आपल्या गावाला जुने शिक्षण आहे. आकुर्डीत १९७२ साली चेतक स्कूटर निघू लागली, आणि परवान्यांच्या त्या काळात स्कूटरसाठी नाव नोंदवून माणसे वर्षानुवर्षे थांबत. ज्याला परकीय चलनात पैसे भरता येत त्याला मात्र लवकर मिळे. ‘पाळीबाहेर’ हा शब्द त्या काळात घरोघर माहीत होता. पण लक्षात घ्या, पाळीबाहेर म्हणायलाही आधी पाळी असावी लागते. वही असते, नंबर असतो, आपल्यापुढे किती उरले ते मोजता येते. रांग कंटाळवाणी असेल, पण गरिबाच्या हातात रांगेइतकी दुसरी न्यायाची गोष्ट क्वचितच आहे. आषाढीच्या वारीत रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांचे क्रम ठरलेले असतात. तुकोबांची पालखी देहूहून निघून आकुर्डीला येते, तेव्हा लाखोंच्या त्या लोटात कोण कोठे चालायचे ते ठरलेले असते. म्हणून तो लोट गर्दी होत नाही, वारी होते.

कारखान्यातल्या रांगेला सेवाज्येष्ठतेची यादी म्हणतात. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कपातीचा क्रम सांगितला होता: त्या वर्गात शेवटी आलेला आधी जाईल, क्रम मोडायचा तर मालकाने कारण लिहून ठेवले पाहिजे. नव्या औद्योगिक संबंध संहितेनेही, जी २०२० साली संमत झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आली, हे तत्त्व सोडलेले नाही. कायदा उडीला मुळीच बंदी करीत नाही हे पाहा. तो एवढेच म्हणतो की, उडी मारायची तर कारण लिहा. महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथांच्या कायद्यात, गुणवत्ता न पाहता एका गटावर मेहेरनजर करणे ही अनुचित प्रथा म्हणून लिहिली गेली. तीच कल्पना नव्या संहितेच्या परिशिष्टातही आली आहे. आमची ‘डावलणे’ आणि कायद्याची ‘मेहेरनजर’ ही एकाच नाण्याची दोन तोंडे आहेत.

येथे आमचे तरुण मित्र विचारतील, “म्हणजे तुम्ही गुणवत्तेच्या विरुद्ध आहात काय? नवे यंत्र चालवणे एखाद्या चोवीस वर्षांच्या पोराला येते आणि पन्नाशीच्या कामगाराला येत नाही, तर जागा कोणाला द्यायची?” प्रश्न खरा आहे. केवळ केस पिकले म्हणून यंत्र हाती द्यावे असे आम्ही म्हणणार नाही. आमचा प्रश्न त्याच्या एक पायरी आधीचा आहे. त्या यंत्राचे शिक्षण देताना कोणाकोणाला बोलावले होते? यादी कोणी केली? ज्याला शर्यतीची तारीखच सांगितली नाही, तो हरला असे म्हणता येत नाही.

आता चळवळीच्या घरातलेही बोलले पाहिजे, नाही तर हे व्याख्यान एकडोळी होईल. ब्रिटनमध्ये १९६० आणि १९७० च्या दशकांत लीपफ्रॉग हा शब्द मालकांविषयी नव्हे, तर संघटनांच्या पगारमागण्यांविषयी रूढ झाला. एका गटाला वाढ मिळाली की दुसरा गट त्याच्या पुढचे मागे, मग पहिला पुन्हा त्याच्याही पुढचे. कारखान्याकारखान्यात तुकड्यातुकड्याने चालणाऱ्या या वाटाघाटींचा विचार करण्यासाठी तिथे १९६५ साली लॉर्ड डोनोव्हन यांचा आयोग बसला आणि त्याने १९६८ साली अहवाल दिला. आपल्याकडे तऱ्हा निराळी नाही. एका कंपनीत तीन वर्षांचा करार झाला की त्याचा आकडा दुसऱ्या दिवशी चहाबरोबर शेजारच्या फाटकावर पोचतो, आणि तिथली मागणी त्याच्या पुढून सुरू होते. यात पाप नाही. अशा स्पर्धेतूनच या पट्ट्यातल्या कायम कामगाराने घर बांधले आणि मुले शिकवली.

पण त्याच जुळणीच्या पट्ट्यावर, त्याच बोल्टाला, त्याच पान्याने आवळणारा दुसरा एक मुलगा उभा असतो. बीड, लातूर, नांदेड, विदर्भ, बिहार, ओडिशा कोठूनही आलेला. तो ट्रेनी असतो, टेम्पररी असतो, कंत्राटी असतो. आपल्या राज्याच्या आदर्श स्थायी आदेशांत बारा महिन्यांत २४० दिवस अखंड भरलेल्या बदली वा तात्पुरत्या कामगाराला कायम करण्याची तरतूद होती. त्यामुळे २४० हा आकडा येथे लहान पोरालाही ठाऊक आहे, आणि ‘ब्रेक’ हा शब्दही. सात महिने झाले की ब्रेक. पुन्हा दुसऱ्या नावाने, दुसऱ्या ठेकेदाराकडे, पुन्हा पहिल्या दिवसापासून. सापशिडीत सोंगटी निदान नव्याण्णवपर्यंत जाऊन खाली येते. येथे दर वेळी ठरल्या घरावरच साप बसवलेला असतो.

या मुलाला आपण कोणता शब्द द्यायचा? तो सुपरसीड झाला असे म्हणता येत नाही. त्याचे नाव यादीतच नाही. त्याला डावलले असेही म्हणता येत नाही. डावलण्यासाठी आधी त्याची गणना व्हावी लागते. मराठीने त्याच्यासाठी एक शब्द करून ठेवला आहे: तो ‘खिजगणतीत नाही’. आमच्या मते या साऱ्या शब्दांत सर्वांत भयंकर शब्द हा. ज्याच्या पाठीवरून उडी गेली, तो निदान खेळात होता. याच्या पाठीवरून कायम कामगाराचा करार पुढे जातो, कंपनीचा उत्पादनाचा आकडा पुढे जातो, आणि हा वाकला आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही. कायम कामगारांच्या संघटनांनी आपल्या कराराच्या मसुद्यात या मुलासाठी एक कलम घातले नाही, तर उद्या आपण कोणाच्या पाठीवरून पुढे आलो हे सांगताना त्यांची मान वर राहणार नाही.

मग करायचे काय? आम्हाला तो पोरांचा खेळच मार्गदर्शक वाटतो. त्या खेळाला तीन नियम आहेत. एक, वाकणारा आपण होऊन वाकतो. कोणी त्याला दाबून वाकवत नाही. दोन, उडी सर्वांच्या देखत होते. पाठीमागून, न सांगता कोणी उडी घेत नाही, कारण मान मोडते. आणि तीन, जो उडी मारून पुढे जातो, तो चार पावलांवर जाऊन स्वतः वाकतो आणि मागच्याला आपल्यावरून जाऊ देतो. अशी सारी रांगच पुढे सरकते. हा तिसरा नियम साहेबांच्या इंग्रजीतून कसा कोण जाणे गळून पडला आहे.

तो परत आणावयाचा तर मागण्या साध्या आहेत. बढतीचा नियम उडीच्या आधी फळ्यावर लागावा. नव्या यंत्राच्या शिक्षणाची यादी ज्येष्ठतेप्रमाणे उघडावी. ज्याला नको असेल त्याने नको असे लिहून द्यावे. क्रम मोडला तर कारण मराठीत लिहून द्यावे. पुढे गेलेल्याच्या कामातच मागच्या दोघांना शिकवणे हे काम धरावे; म्हणजे तोही आपल्या पाळीला वाकला असे होईल. आणि ज्याचे नाव कोणत्याच यादीत नाही, त्याचे नाव आधी यादीत यावे. मग तो कितव्या नंबरावर आहे ते पाहू.

तरुणांना एक सांगणे आहे. अर्ज लिहाल तेव्हा शब्द निवडून लिहा. ‘मला वगळण्यात आले’ असे लिहिले तर उत्तर येते, नजरचुकीने झाले. ‘मला डावलण्यात आले’ असे लिहायचे असेल तर तुमची तारीख, तुमचे काम, पुढे गेलेल्याची तारीख आणि न दिलेले कारण हे सारे खाली लिहावे लागते. मोठा शब्द वापरायचा तर त्याचा पुरावा पदरात हवा. कागदावर शब्द आणि पुरावा शेजारी बसले, की समोरच्याला तो कागद सहजी बाजूला सारता येत नाही.

इंग्रजीशी आमचे वैर नाही. ओव्हरटेक, स्किप, बायपास, सगळे या मातीत खुशाल राहोत. फक्त कोणी म्हणाले की आम्ही मोठी उडी घेतली, तर टाळ्या वाजवण्यापूर्वी इतके विचारावे: पाठ कोणाची होती, त्याला सांगितले होते काय, आणि आता वाकण्याची पाळी कोणाची?